घरी भरलेलं जड काडतूस नकोच

खानापूरकर:
काल इथं एकानं लिहिलं की .३२ पिस्तुलाची ७१ ग्रेनची (साधारण ४.६ ग्रॅमची) गोळी म्हणजे खेळणं, अमेरिकेत लोक जड गोळ्या घालून घरीच काडतुसं भरतात, आपल्यालाही मुभा हवी. वाचून डोकंच फिरलं. अरे, जड गोळी लांब असते. मॅगझिनमध्ये मावायचं तर काडतूस लांबवता येत नाही, मग गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, खोल बसते, दारूला जागा कमी उरते आणि दाब चढतो. .३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक, म्हणजे बार होताना स्लाइडला, वरच्या सरकत्या भागाला, कुलूप नसतं; रोखायला तिचं वजन आणि स्प्रिंग, बस्स. केस फाटली तर बोटं जातील. शिवाय परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्याच्या कलम ५ विरुद्ध, २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आत.

जांबोटीचा:
ते मीच लिहिलं होतं. आमच्या आज्जानं जन्मभर ठासणीची बंदूक स्वतः भरली. दहा बोटं शाबूत घेऊन गेला.

खानापूरकर:
ठासणीत काळी दारू. पिस्तुलातली धूररहित, जरा जागा आकसली तरी दाब उसळतो. किती दारू घालायची त्याचे भरणीचे तक्ते ठरावीक गोळीचे असतात. तुझ्या गोळीचा तक्ताच नसेल तर अंदाजानं भरणार काय?

निपाणीकर:
गोळीचं काय घेऊन बसलाय! २०२३ च्या मेमध्ये कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीला आमची बारा बोअर बंदूक ठाण्यात जमा केली. परत आणली तर नळीत गंज. पावती कन्नडमध्ये, बंदूक कुठल्या स्थितीत घेतली ते लिहिलंय का हेच मला कळेना. कुणाशी भांडू?

शहापूरचा:
इतकी वर्षं इथं राहून एक पावती वाचता येत नाही? शिका की कन्नड.

निपाणीकर:
बाजारात रोज बोलतो मी कन्नड! पण सहीच्या कागदावर माझी भाषा मागितली तर गुन्हा? १९५६ ला हा भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून हेच ऐकतोय. तुझी बंदूक गंजली असती म्हणजे बोलला असतास.

जांबोटीचा:
तिकडं कोडगू जिल्ह्यात जम्मा, म्हणजे वंशपरंपरेच्या, जमीनवाल्यांना बंदुकीच्या परवान्यातनंच सूट. आमच्या उसात रानडुकरं लोळतात, आम्ही मात्र दर निवडणुकीला रांगेत.

शहापूरचा:
विषय पिस्तुलाचा होता. रानडुकरावर .३२ झाडणार होतास का?

जांबोटीचा:
तू ऊस लावून बघ एकदा, मग मला शिकव. काकानं दोन पावसाळे मचाणावर काढलेत, तिथंच न्युमोनिया झाला त्याला.

शहापूरचा:
काकांचं माहीत नव्हतं. ते शब्द मागं घेतो. कन्नडचं मात्र घेत नाही.

जांबोटीचा:
बरं, जड गोळीचं सोडतो. तक्त्याचं उत्तर नाही माझ्याकडं. पण ठासणीवाल्यांना अडाणी समजू नका.

खानापूरकर:
अडाणी कुणी म्हटलं? माझ्याही घरात ठासणीच होती. आणि निपाणीकर, जमा करताना नळीचा आतून फोटो काढा, पावतीवर मराठीत स्थिती लिहूनच सही करा.

निपाणीकर:
पुढच्या वेळी करतो. आत्ताचा गंज काढायला पितळी ब्रश बेळगावात कुठं मिळेल?