धागा: घरच्या स्पा पार्टीला खायला-प्यायला काय ठेवलंत? अनुभव सांगा

हळदीचं गाव

मैत्रिणींनो (आणि जे दोन-चार मित्र गपचूप वाचतात तेही), मदत हवी आहे. मी विश्रामबागला राहते, सांगली. आमची 8 जणींची भिशी आहे, 6 वर्षं झाली, दर महिन्याला तेच, साबुदाणावडा नाहीतर पावभाजी, एक डाव हाऊजी आणि चला घरी. यावेळी माझा नंबर, तर मी तोंड वर करून सांगून बसले की आपण घरीच स्पा करू. पार्लरवाली नाही बोलवायची, आपणच एकमेकींना करायचं, गरम पाण्यात पाय, वाफ, मुलतानीचा पॅक, मग नखं. सामान सगळं जमलंय, घोडं अडलंय खाण्यावर. व्हिडिओत बघावं तर सगळीकडे काकडी टाकलेलं पाणी आणि बोटाएवढं सँडविच. आमच्या बायकांना काकडीचं पाणी दिलं तर पुढच्या भिशीपर्यंत ऐकवतील ओ.

त्यात एकीला शुगर आहे, एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी (साधी नाही, ओठ सुजतात), आणि सगळ्यांना जमेल म्हणून जी तारीख काढली ती नेमकी संकष्टी निघाली, तिघींचा उपवास. कुणी केलंय का असं काही, केळवणाला, वाढदिवसाला, उगाच? रेसिपी नकोत, त्या मिळतात कुठेही. काय ठेवलं, काय फसलं ते सांगा.

पोवईनाका

मी केलंय, सातारला, बहिणीच्या केळवणाला, आणि जे जे चुकायचं ते सगळं चुकलंय त्यामुळे नीट वाच.

फेब्रुवारी होता. स्ट्रॉबेरीचे दिवस, पाचगणीहून येताना भाऊजींनी 2 किलो आणली, खरी तिकडची, रस्त्यावर कुठलीही महाबळेश्वरची म्हणून विकतात ती नाही. मला वाटलं चॉकलेटमध्ये बुडवून ठेवू, फोटो भारी येतील. ठेवली आदल्या रात्री फ्रीजमध्ये, सुंदर झाली होती. दुसऱ्या दिवशी ताट आणून ठेवलं त्याच खोलीत जिथे वाफेची पातेली चालू होती, दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, 15 मिनिटांत सगळं चॉकलेट खाली उतरून ताटात तळं. पोरींनी चमच्याने खाल्लं म्हणा. दुसरं म्हणजे जेवायला मिसळ ठेवली होती. पोटभर होते, सगळ्यांना आवडते, हा विचार. वाफेत गुलाबपाणी, उदबत्ती मोगऱ्याची, आणि आतून कटाची फोडणी! लसूण, कांदा, मसाला. नवरी तोंडावर पॅक लावून डोळे मिटून पडलेली, ती म्हणाली ताई मला भूक लागली. झालं, सगळ्या हसायला लागल्या आणि सगळ्यांचे पॅक तडकले.

कामाला आलेली एकच गोष्ट, उरलेली साधी स्ट्रॉबेरी, पानासकट. ते हिरवं पान काढू नकोस, तेच धरायचं आणि लाल भाग दातांनी तोडायचा, बोटं कोरडी राहतात. पण तुझी पार्टी कधी आहे? एप्रिल उलटला की चांगली मिळायची नाही.

हळदीचं गाव

मार्चच्या शेवटी गं. आणि मिसळ माझ्या यादीत होती, आत्ता खोडली.

चिडका बिब्बा

काकडीबद्दल एवढंच सांगते, आमच्या सासूबाईंच्या डोळ्यांवर दोन चकत्या ठेवल्या, मी वळून येईपर्यंत त्यांनी उचलून खाल्ल्या. मीठ मागितलं वर.

मिरजेची सूनबाई

भडंग ठेवू नकोस. मला माहितीये तुझ्या डोक्यात भडंग असणारच, सांगलीत पाहुणा आला की पहिलं भडंगच पुढे येतं, मीही तेच केलं. नखं रंगवून झाली होती, कुणी फुंकर मारतंय, कुणी पंख्याखाली हात धरलाय, आणि मध्ये परातीत भडंग. किती वेळ दम धरणार? एकीने चिमटीत घेतलं तर चुरमुरा अनामिकेच्या नखावर बसला तो बसलाच. वाळल्यावर खरवडून काढला, खाली खड्डा, आणि तेलकट मसाला पॉलिशच्या कडेकडेने. तिने पुसून परत लावलं तर दुसरी म्हणाली माझंही पुसा. रिमूव्हरची बाटली संपली. त्या रिमूव्हरच्या वासात पुढे कोण काय खाणार?

आणि तुझ्याकडे तर अ‍ॅलर्जीवाली आहे. विकतच्या भडंगात दाणे असतातच, ते वेचून काढून चालत नाही, चुरा राहतो.

घरी जाऊन करते

मी साताऱ्यात घरोघरी जाऊन फेशियल-मेनिक्युअर करते, 11 वर्षं झाली, त्यामुळे माझं थोडं धंद्याचं बोलणं ऐकून घ्या. बायका विचारतात काय ठेवू, मी विचारते कधी ठेवणार. क्रम असा लावा की खाणं आधी, हातानं खायचं असेल ते सगळं आधीच. मग तास-पाऊण तास जाऊ द्या, भरल्या पोटी पालथं झोपवून पाठ चोळली की ढेकर येतात नाहीतर मळमळतं. वाफेनंतर नुसतं पाणी द्या, साधं, माठातलं, घाम आलेला असतो. पॅक लावला की 10-15 मिनिटं तोंड बंद, तेव्हा द्यायचंच असेल तर स्ट्रॉने, आणि पॅक दगडासारखा वाळेपर्यंत ठेवायचा नसतो, थोडा ओलसर असतानाच काढा. नखं सगळ्यात शेवटी. पॉलिश दहा मिनिटांत वाळल्यासारखं वाटतं, आतून कच्चंच असतं, गरम चहाचा कप पंजात धरला की ठसे उठतात हे मी शंभरदा बघितलंय. चहा द्यायचाच तर कानवाला कप.

अजून एक, लिंबू सरबत करणार असाल तर लिंबं पिळणारीने हात साबणाने धुऊनच उन्हात जायचं. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि कडक ऊन लागलं तर काळे डाग पडतात, कधी फोडही येतात. एका काकूंच्या हातावर दोन महिने डाग होता, स्पा करायला बसलेल्या त्या.

कंदीपेढा

मी पुरुष आहे, चालेल ना? बायकोच्या मैत्रिणी आल्या होत्या 9 जणी, मला सांगितलं तू फक्त आतबाहेर कर, हॉलमध्ये बघू नको. म्हणजे वेटर. तर वेटरच्या नजरेतून सांगतो, खाणं निम्मं परत आलं आणि पिणं पुरलं नाही. मी 2 लिटर ताक केलं होतं, जिरं-कोथिंबीर लावून, ते वीस मिनिटांत संपलं आणि आतून हाका सुरू. मग हिशेब केला, 9 जणी, प्रत्येकी 3 ग्लास, ग्लास 200 मिलीचा, म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपास लागतं. आम्ही पुरुष बसतो तेव्हा असा हिशेब बरोबर करतो, इथे कसा विसरलो कोण जाणे.

काचेचे ग्लास देऊ नका. पाय बुडवायचे टब, फरशी ओली, हाताला क्रीम, एक सटकला आणि मग नऊ जणी अनवाणी पलंगावर चढून बसल्या, मी झाडू घेऊन खाली. स्टीलचे द्या.

आणि पेढे. पाव किलो कंदी पेढे आणले होते, मला वाटलं डाएटवाल्या कोण खाणार. पण सगळ्यांची नखं ओली असताना माझी आई आली बाहेर, ताटली घेतली आणि एकेकीला भरवत सुटली, चांगल्या मोठ्या बायका आ वासून बसल्यात. खवा चांगला भाजलेला असतो त्यामुळे मिट्ट गोड लागत नाही, शिवाय एका घासाचं काम, भुगा सांडत नाही. पाव किलो पाच मिनिटांत फस्त.

नवीनच आले

आम्ही होस्टेलवाल्या आहोत, चौघी, बजेट 300 रुपये, त्यामुळे स्पा म्हणजे बादलीत पाय. हळदीचं दूध केलं होतं, म्हटलं हेल्दी. ते सांडलं पांढऱ्या टॉवेलवर. टॉवेल रेक्टर मॅडमचा, मागून आणलेला. घाईघाईत कपड्याचा साबण लावला तर पिवळा डाग एकदम लालभडक झाला, रूममेट किंचाळली की रक्त आहे!! नंतर केमिस्ट्रीवाली म्हणाली अगं हळद साबणाच्या अल्कलीने लाल होते, शाळेत केलंय आपण. भरपूर पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात टाकला तेव्हा गेला. सांगलीत शिकून हळद कळली नाही म्हणून सगळ्यांनी धुतलं ते वेगळंच.

तासगाववाली

द्राक्षं ठेव की! मार्च म्हणजे आमच्याकडे बागा भरात. आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, पुसून एकेक मणी सुटा करायचा आणि ताटात पसरून फ्रीजरला, 4 तासांत गारेगार गोळ्या होतात. टूथपिक टोचून ठेव. पॅक काढल्यावर तोंड तापलेलं असतं तेव्हा एक मणी तोंडात टाकला की काय वाटतं म्हणून सांगू. लहान पोरं असतील आसपास तर त्यांना अख्खा मणी देऊ नको, उभा चिरून दे, घशात अडकतो.

बेदाणे मात्र शुगरवालीपुढे ठेवू नको. लोक ड्रायफ्रूट म्हणजे पौष्टिक म्हणून मूठमूठ खातात, शंभर ग्रॅम बेदाण्यात साठेक ग्रॅम साखरच असते. मी बेदाण्याच्या घरातली आहे, 2016 ला सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटलेत, तरी सांगते. तिला ताक, पनीरचे तुकडे, तुपावर परतलेले मखाणे.

भाजणी

सगळं बरोबर आहे पण उपवासाचं कोणी बोललंच नाही, आणि खरी अडचण तीच आहे ना? आपला उपवास म्हणजे दाण्याचं कूटच की. खिचडीत कूट, वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, रताळ्याच्या किसात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, चिक्की तर विचारूच नका. उपवासवाल्यांना वेगळी ताटली करशील आणि चमचा इकडचा तिकडे गेला की तुझी मैत्रीण दवाखान्यात. माझ्या भाचीला आहे ही अ‍ॅलर्जी म्हणून सांगते, त्या दिवशी घरात दाणा आणूच नकोस. आणि तेल! बहुतेक घरी उपवासाला शेंगतेलच असतं, कढई तीच, झारा तोच. तुपात कर सगळं, आणि कढई आधी घासून घे.

रताळ्याच्या चौकोनी फोडी कर, अर्ध्याकच्च्या उकड, तुपात जिऱ्यावर परत, मीठ, थोडा ओला नारळ. प्रत्येक फोडीला टूथपिक. उपवासाला चालतं, नखाला लागत नाही, वास येत नाही. खिचडीच हवी असेल तर कुटाऐवजी ओलं खोबरं घाल, चव वेगळी लागते पण साबुदाणा तितका मोकळा होत नाही, हे आधीच सांगते, मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

कैरीवाली

डोहाळजेवणाला केलं होतं वहिनीच्या. तिला सुगंधी तेलाच्या वासानेच उमळून आलं, बाटली बंद केली, स्पा रद्द. तिने मीठ लावलेली कैरी खाल्ली, आम्ही बाकीच्यांनी नखं रंगवली. संपला अनुभव.

हळदीचं गाव

झाली पार्टी काल! उशीर झाला लिहायला, टब परत द्यायचे होते शेजारी.

तर भाजणीताईंचं ऐकून घरातून दाणे, कूट, चिक्की, शेंगतेलाचा कॅन, सगळं उचलून वरच्या मजल्यावर दिरांकडे ठेवून आले, जाऊबाई म्हणाल्या घर सोडताय का काय. दुपारी 3 ला सगळ्या आल्या, आल्याआल्या रताळ्याच्या फोडी आणि ज्यांचा उपवास नव्हता त्यांना इडल्या, छोट्या. इडलीची चटणी खोबऱ्याची, डाळं घालून. अ‍ॅलर्जीवालीने आधी तीनदा विचारलं, मग मी तिला स्वयंपाकघरात नेऊन डबे उघडून दाखवले, तेव्हा ती म्हणाली 6 वर्षांत पहिल्यांदा भिशीत दोन्ही ताटल्यांतलं खातेय. मला माहीतच नव्हतं की ती दरवेळी घरून खाऊन यायची. वाईटच वाटलं जरा.

फसलं ते सरबत. कोकम सरबत 4 लिटर केलं, अर्ध्यात साखर, अर्धं शुगरवालीसाठी बिनसाखरेचं, आणि थंड म्हणून वरून सब्जा घातला, भिजवून छान फुलवलेला. पॅक लावून सगळ्या स्ट्रॉने प्यायला लागल्या आणि स्ट्रॉ तुंबल्या. गाल आत ओढून ओढून पितायत, पॅकला भेगा, एकीने जोर लावला तर सब्ज्याचं बी सुटून थेट घशात, ठसका, आणि समोरचीच्या पांढऱ्या गाऊनवर कोकम. हसून हसून एकीचा पण पॅक शेवटपर्यंत टिकला नाही. गाळणीने गाळून परत दिलं. तर सब्जा नको, किंवा जाड स्ट्रॉ आणा.

द्राक्षं दीड किलो होती, सगळी संपली. ताक शेवटी, नखं वाळता वाळता. पेढे भरवायला माझ्या सासूबाई तयार होत्या पण शुगरवालीलाच पहिला भरवायला निघाल्या, तिला वाटीभर मखाणे दिले हातात. हातात म्हणजे चमच्याने. चंद्रोदय उशिरा होता त्यामुळे उपवासवाल्या आपापल्या घरी गेल्या, मोदक डब्यात दिले.

पोवईनाका

लै भारी! फोटो?

हळदीचं गाव

सगळ्यांचे चेहरे मुलतानी फासलेले आहेत, टाकले तर भिशीतून काढतील.

मिरजेची सूनबाई

ते कोकम सरबत बिनसाखरेचं कसं केलंस? माझ्या आईला हवंय. आमसुलं भिजवून का आगळ?

हळदीचं गाव

आगळ. एका ग्लासला दोन चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थंड पाणी, बास. मीठ घालू नको गं, आगळात आधीच असतं, मी पहिल्या लिटरला घातलं आणि तो सगळा लिटर सोलकढीत ढकलावा लागला.