चंपाषष्ठीची तळी यंदा पार्किंगमध्ये

सचिव, ए-२०१: नमस्कार मंडळी. येत्या बुधवारी चंपाषष्ठी आहे. ए-५०३ च्या काकांकडे दरवर्षी खंडोबाची तळी भरतात, ती यंदा खाली पार्किंगमध्ये भरू का असं त्यांनी विचारलंय. संध्याकाळी ७ ते ८. हरकत असेल तर आत्ताच सांगा.

बी-३०१: गेल्या वर्षी लिफ्टभर भंडाऱ्याची हळद सांडली होती, पिवळे डाग आठ दिवस निघाले नाहीत. माझ्या मुलीच्या डोळ्यांची आग झाली ती वेगळीच. आणि कुलाचार घरातला असतो ना? सोसायटीत सगळ्या धर्मांची माणसं आहेत. सगळ्यांच्या जागेत हे बरं दिसेल का?

ए-५०३ काका: ताई, मुलीच्या डोळ्यांचं मला कोणी बोललं नाही, नाहीतर त्याच दिवशी येऊन गेलो असतो. चूक आमची. पुतण्याने रस्त्यावरून पुड्या आणल्या होत्या. ती हळद नव्हतीच, नुसती पिवळी पावडर. ना वास, ना चव. यंदा सांगलीची हळकुंडं आणलीत, उद्या चक्कीवर समोर उभं राहून दळून घेतो. आणि उधळायची अजिबात नाही, कपाळाला लावायची. वर्गणीही नको.

दुसऱ्या मुद्द्याचं जरा सविस्तर लिहितो. खंडोबा आमचं कुलदैवत खरं, पण तो एका घराचा देव कधीच नव्हता. त्याच्या पाच बायकाच बघा. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण. आणि पाचवी चंदाई. तिला तेलीण म्हणतात, मुसलमान भाविक तिला आपली लेक मानतात. म्हणजे देव सगळ्यांचा जावई. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात, अजमतखान म्हणतात. जेजुरीत देवाचा घोडा सांभाळायचं काम परंपरेने मुसलमान घराण्याकडे आहे. मी सात-आठ वर्षांचा असताना सोमवती अमावास्येला वडिलांबरोबर तिथे गेलो होतो. पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघालेली, रेटारेटी चाललेली. वडिलांनी मला आधी घोड्याच्या पाया पडायला लावलं, मग लगाम धरलेल्या चाचांच्या. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो भंडाऱ्याने मनगटापर्यंत पिवळा होता. त्यामुळे सगळ्यांच्या जागेत बरं दिसेल का, याला माझं उत्तर हो असंच आहे.

सी-१०४: काका, आमच्या हुबळीकडे हाच मैलारलिंग. येळकोट हा शब्दही आमच्या कानाला कानडीच. एळु म्हणजे सात, एळु कोटी म्हणजे सात कोटी. देवाचं सैन्य सात कोटींचं. आमची आजी त्याच्या देवरगुड्डच्या देवळात जायची. मी घरच्यांना घेऊन येतो.

बी-६०२: काका, तीन वर्षं या ग्रुपवर मी फक्त वाचत आलेय, आज लिहिते. माझं माहेर अणदूरजवळचं. अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातले काही महिने देव अणदुरात, मग नळदुर्गात. तिथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. नळदुर्गच्या किल्ल्यात १६१३ सालचा पाणीमहाल आहे, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बंद पडलेली जत्रा याच बादशहाने पुन्हा सुरू करून दिली, असं आमच्याकडे सांगतात. माझी नानी पाच वेळची नमाजी, पण पौष पौर्णिमा तिने कधी चुकवली नाही. ओढणीच्या टोकाला भंडाऱ्याची पुडी बांधलेली असायची. कोणाला ताप आला की गाठ सोडायची, चिमूटभर कपाळाला लावायची आणि तोंडाने दुआ म्हणायची. आम्हाला दोन्हींत काही वेगळं आहे असं वाटलंच नाही.
लग्न होऊन पुण्यात आले, तेव्हापासून तळी जवळून पाहिली नाही. दरवर्षी तुमच्याकडून येळकोटचा आवाज आला की मी जिन्यात येऊन उभी राहते. यंदा खालीच असेल तर येऊ का?

ए-५०३ काका: जिन्यात? अगं पोरी, दार सताड उघडं असतं आमचं. तीन वर्षं तू एवढ्या जवळ उभी आणि आम्हाला पत्ता नाही. मलाच वाईट वाटतंय. ये काय विचारतेस, तळीला हात लाव. तळी विषम हातांनी उचलतात, तीन, पाच, सात. मुलगा बंगळुरूला, त्यामुळे घरात चारच हात आहेत. पाचवा तुझा.

ए-४०२: काका, बायकांनी तळी उचललेली चालते?

ए-५०३ काका: वडील होते तोवर पुरुषच उचलायचे. ते गेले त्या वर्षी हात कमी पडले. आईने पदर खोचला, पुढे झाली. तेव्हापासून आमच्याकडे चालते.
पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सांगतो. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा आणि मधोमध कलश. पाची जणांनी काठाला हात लावायचे आणि ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा वर उचलायचं. शेजारी दिवटी, म्हणजे छोटी मशाल, पेटलेली असते. नंतर खोबरं-भंडारा सगळ्यांना. नैवेद्याला बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. आमच्याकडे आषाढीपासून वांगं, कांदा, लसूण बंद असतो. पाच महिन्यांनी पहिलं वांगं विस्तवावर तडतडतं, साल करपल्याचा वास जिन्यातून वरपर्यंत जातो, तेव्हा घरातल्यांना सण आल्यासारखं वाटतं.

बी-६०२: भाकऱ्या मी थापते. २५ चालतील ना? नानीसारख्या पातळ नाही येत मला.

ए-५०३ काका: ३० कर. तेवढं पीठ संध्याकाळी तुझ्याकडे पाठवतो.

बी-३०१: माझी हरकत नाही. पण दळलेली हळद आधी मला दाखवा, हातावर लावून बघते. आणि ८ ला नक्की आवरा, मुलीची परीक्षा चालू आहे.

ए-५०३ काका: चक्कीवरून थेट तुमच्याकडेच येतो. पावणेआठला आवरतो.

सचिव, ए-२०१: ठरलं तर मग. बी विंगच्या बाजूच्या चार गाड्या ६ नंतर बाहेर लावाव्यात. एक राहिलं. गेटवरचा काळू कुत्रा वासाने आत येईल. वॉचमनला त्या वेळेपुरता बांधून ठेवायला सांगू का?

ए-५०३ काका: नको नको. कुत्रा देवाचा सोबती, देवाच्या पायाशी असतो तो. नैवेद्य दाखवला की पहिली भाकरी त्याची, मग आपण. त्याला मोकळाच राहू दे.