नॉर्थ बेरिक : आईबाबांना घेऊन एका दिवसात जमेल का?

मंडळी, मदत हवी आहे. जूनमध्ये आईबाबा सांगलीहून येताहेत, मुक्काम एडिनबरात. एक रविवार नॉर्थ बेरिकला, म्हणजे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या गावाला, काढायचा विचार आहे. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनहून ट्रेनने जाऊ, तो प्रश्न नाही.

बाबांना पक्ष्यांचं भलतं वेड. समोरच्या समुद्रातल्या बास रॉक या खडकावर गॅनेट या समुद्रपक्ष्यांची जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. पक्षी आणि त्यांची विष्ठा यांनी अख्खा खडक पांढराफटक दिसतो. गावातल्या सीबर्ड सेंटर या समुद्रपक्षी केंद्रापासून बोटी सुटतात, पण आईला बोट लागते. खडकाला नुसती फेरी मारून आणणारी बोट तिला झेपेल का? की तिने किनाऱ्यावर बसून सेंटरमधल्या, पक्षी थेट दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांवर भागवावं? पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी दिसले तर बाबा परत यायचेच नाहीत!

दुसरं म्हणजे टँटॅलन किल्ला. चौदाव्या शतकातला, ऐन कड्यावर, गावापासून पाचेक किलोमीटर. रविवारी बस मिळते, की टॅक्सी आधीच सांगून ठेवावी? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने न चढता काय पाहता येईल तेही सांगा. नॉर्थ बेरिक लॉ ही 187 मीटरची टेकडी मी एकटीच चढेन. वरची देवमाशाच्या जबड्याची कमान आता फायबरग्लासची आहे, तरी बघायचीच.

आणि हो, दोघं पक्के शाकाहारी. चिप्सखेरीज काही पोटभर मिळेल, की डबाच न्यावा?