लस टोचलेल्या गाईचा चीक: दुप्पट भाव द्यावा का?

नौपाडाकरीण:
दूधवाल्याने काल चिकाची बाटली दिली, दुप्पट भावात. "गाभण असताना लस टोचलीय ताई, पोरांना सर्दीसुद्धा शिवणार नाही." मला पटलं. लसीने गाईच्या अंगात अँटिबॉडीज तयार होतात, त्या चिकात उतरतात, मग आपल्या पोटात गेल्या तर फायदाच ना?

कळव्याचा बाप्पू:
कुठली लस, विचारलंत? सरकारी मोहिमेत टोचतात ती लाळ्या-खुरकूताची. तो रोग माणसाला सहसा होतच नाही. त्याच्या अँटिबॉडीजने सर्दी थांबवायची म्हणजे कल्याणचं तिकीट काढून वाशीला उतरायचं! पैसे परत मागा.

पशुसंवर्धन, निवृत्त:
चीक खरा वासरासाठी. गाईच्या वारेतून वासराला अँटिबॉडीज मिळत नाहीत, म्हणून पहिल्या काही तासांतच पाजावा लागतो. साधारण 24 तासांनी वासराची आतडी अँटिबॉडीजना रक्तात शिरू देत नाहीत. आपल्या पोरांना आईकडून वारेतूनच मिळालेल्या असतात. गाईच्या अँटिबॉडीज त्यांच्या रक्तात जायच्या नाहीत.

नौपाडाकरीण:
मग ऑस्ट्रेलियात इ. कोलायची लस दिलेल्या गाईंच्या चिकाच्या गोळ्या विकतात, प्रवासातल्या जुलाबावर. ते काय खुळे?

पशुसंवर्धन, निवृत्त:
खुळे नाहीत. तिथे लस नेमकी त्याच जंतूची, चीक न उकळता वाळवलेला, आणि काम आतड्यापुरतं. तुम्ही वाफवणार. खरवस घट्ट का होतो? पहिल्या धारेच्या चिकात या अँटिबॉडीज लिटरला 50 ग्रॅमच्या आसपास असतात, साध्या दुधात 1 ग्रॅमच्या आत. त्या आणि बाकीची प्रथिनं उष्णतेने गोठतात. सुरीने वडी पाडता ना, त्यात त्याच असतात, निकामी झालेल्या. पण म्हणून कच्चा प्यायचा विचारही नको, ब्रुसेला हा तापाचा जंतू घरी आणाल.

ऐरोलीची आत्या:
निकामी तर निकामी, वेलची घातली की झालं. मला टोचतं ते निराळंच. ही बाटली ठाण्यात आली तेव्हा वासराने प्यायला होता का?

कळव्याचा बाप्पू:
आत्या, चांगली गाय वासराला पुरून उरेल इतका चीक देते.

ऐरोलीची आत्या:
देते. तबेल्यात उरवतात की पहिला विकतात, ते तिथे उभं राहून बघ.

नौपाडाकरीण:
भांडा नंतर. निम्मं दूध घालून कुकरमध्ये लावला, शिट्टी काढून, वीस मिनिटं झाली. वडी पडत नाही, पातळच आहे!

पशुसंवर्धन, निवृत्त:
मग तो तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा. पहिल्या दिवसाचा असता तर दुधाला पुरून घट्ट बसला असता.