धुरकरी नाही म्हणून जोडी पळणारच नाही का? (एनबीएतले ह्यूस्टन रॉकेट्स आणि पॉइंट गार्डचं रडगाणं)

कपाशीवाला
काल, 2025 च्या दिवाळी पाडव्याच्या सकाळी, मॅच संपते न संपते तोच 'तुरीची शेंग' यांनी टाकलं, "व्हॅनव्हलीटचा गुडघा गेला तिथंच रॉकेट्सचा सीझन गेला. चांगला पॉइंट गार्ड आणा नाहीतर फायनलचं नाव काढू नका. धुरकरी नसलेली जोडी पटात कोणी उतरवत नाही." त्यावर सगळ्यांचे अंगठे. (नवीन असाल तर: पॉइंट गार्ड म्हणजे बॉल वर आणून खेळ मांडणारा, आपला व्हॅनव्हलीट तोच. धुरकरी म्हणजे पटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा.) दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमलं नाही, तर आता घ्या सगळं.

मी पहाटे पाचला उठून मॅच पाहिली, गोठ्यात बसून, कारण घरात रेंज येत नाही, आणि आई मागून ओरडत होती की आज गोधनाचा दिवस आहे, त्या गाईच्या शिंगाला रंग कोण लावणार. एका हातात मोबाइल, एका हातात गेरू. दोन ओव्हरटाइम झाले. 125-124. चॅम्पियन ओक्लाहोमाच्या घरात, त्यांनी अंगठ्या घेतल्या त्याच रात्री, आपण एका पॉइंटनं हरलो. आपला सेंटर सेंगून, त्यानं एकट्यानं 39 मारले. हरलो ते हरलोच, पण याला कोणी 'सीझन गेला' म्हणत असेल तर मग पहिल्या पावसात उगवण नाही झाली की वावरच विकून टाका.

आणि इतिहास काढायचाच तर आपल्याच टीमचा काढा ना. ह्यूस्टननं कप जिंकले दोनच, 1994 आणि 1995. तेव्हा पॉइंट गार्ड कोण होता? केनी स्मिथ, आणि त्याच्या मागं सॅम कॅसेल, तो तर 94 ला रूकी, पहिल्याच वर्षाचा. बॉल जायचा सेंटर ओलाजुवानकडं, दोघं त्याच्या अंगावर आले की तो बाहेर फेकायचा, बाहेरचे थ्री मारायचे, झालं. बुल्सच्या सहा कपांत पण बॉल जॉर्डन-पिपेनकडंच. 2020 ला लेकर्स जिंकले तेव्हा लीगमधे सगळ्यात जास्त असिस्ट (बास्केट करून देणारे पास) लेब्रॉनचे, तो काय पॉइंट गार्ड म्हणून जन्माला आला होता? 2023 ला डेन्व्हरमधे सगळा खेळ योकिच चालवत होता, तो सेंटर. आपल्याकडं सेंगून तेच करतो. अमेन थॉम्पसन आहे, डुरांट आहे. पॉइंट गार्ड हा जुना शब्द झाला आता.

तुरीची शेंग
भाऊ एवढं रामायन लिवलं पन शेवटचे दोन सेकंद कुठीसा गेले? डुरांटचा सहावा फाउल, तो बाहेर, त्यायचा शाई फ्री थ्रो लाइनवर, दोन्ही आत, खेळ खल्लास. अन त्याच्या पह्यले ओव्हरटाइमात टाइमआउट शिल्लकच नाई तरी डुरांट हातानं टाइमआउटचा इशारा करून रायला, पंचायले दिसलं नाई म्हनून वाचले, नाईतं तिथंच टेक्निकल फाउल होता. 37 वर्साचा मानूस, एवढे कप-मेडल घेतलेला. त्याची चूक नाई म्हनत मी, टाइमआउट किती उरले हे ध्यानात ठेवनं त्याचं कामच नाई. ते काम कोनाचं? धुरकऱ्याचं.

अन योकिच योकिच करता, त्याच्या बाजूले पॉइंट गार्ड मरे होता का नाई? बॉल वरतं कोन आनत होता?

कपाशीवाला
बरं, मग मागच्या सीझनच्या प्लेऑफमधे वॉरियर्सच्या सात मॅचच्या सिरीजला व्हॅनव्हलीट होता ना? गेम 7 ला 103-89 नं घरच्या कोर्टवर मार खाल्ला. तेव्हा तुमचा धुरकरी काय चहा प्यायला गेला होता?

तुरीची शेंग
गेम 7 परेंत आनलं कोनं ते पन सांगा नं. 3-1 नं मांगं होतो. गेम 6 ले 29 मारले त्यानं, सहा फुटाच्या मानसानं, ज्याले ड्राफ्टमधे (नव्या पोरायच्या निवडीत) कोनी घेतलं पन नवतं. तवा हेच लोक "स्टेडी फ्रेडी" म्हनून नाचत होते, स्क्रीनशॉट हाय माह्याकडं.

आर्वीकर
बास्केटबॉलातलं मला जास्त कळत नाही, पोरगा पाहतो म्हणून इथं आहे, पण पटाचं उदाहरण दिलंय ते चूक आहे म्हणून लिहितो. पट जोडी जिंकते, धुरकरी नाही. धुरकरी फक्त अंगानं हलका पाहिजे आणि मधे पडला नाही पाहिजे. बैल जर गवळाऊ जातीचा असेल आणि त्याला दान (धावायची पट्टी) माहीत असेल तर तो स्वतःच नाकासमोर जातो. आमच्या वडिलांची जोडी होती, बंदी यायच्या आधीची गोष्ट, 2014 च्या आधी. धुरकरी सुरुवातीलाच घसरून पडला आणि जोडी रिकामा छकडा घेऊन सरळ शेवटपर्यंत गेली. लोकांनी बैलांना हार घातले.

तुरीची शेंग
अन बक्षीस भेटलं का?

आर्वीकर
बक्षिसाचा प्रश्न नाही.

तुरीची शेंग
हाच तं प्रश्न हाय काका 😂 जोडी पळाली, हार भेटला, बक्षीस दुसऱ्याले. रॉकेट्सचं बी हेच होनार हाय.

धानवाली
आमच्या भंडाऱ्याकडं दोन जोड्या सोबत सुटतात, तिथं धुरकरी कच्चा असेल तर जोडी शेजारच्या दानीत घुसते, मी डोळ्यानं पाहिलंय. पण ते राहू द्या, मी मुद्द्यावर बोलते कारण इथं पॉइंट गार्ड खेळलेली बहुतेक मीच असेन.

कॉलेजच्या टीममधे होते. उंची पाच फूट एक इंच, सगळ्यांत बुटकी. एका मॅचला माझे पाच फाउल झाले आणि बाहेर बसले, तेव्हा आम्ही अकरानं पुढं होतो, चार मिनिटं उरली होती. आमच्या दोन पोरी माझ्यापेक्षा हातभर उंच, शूटिंग माझ्यापेक्षा चांगलं. पण समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगाला चिकटून अडवायला लागले, आणि आमच्यांना बॉल अर्ध्या रेषेच्या पुढं नेताच येईना. आठ सेकंदांची शिट्टी, परत आठ सेकंदांची शिट्टी, मग एकीनं घाबरून सरळ त्यांच्याच हातात पास दिला. मी बेंचवरून ओरडून ओरडून आवाज घालवला. दोननं हरलो. परतीच्या एसटीत कोणी कोणाशी बोललं नाही, तुमसर येईपर्यंत.

त्यामुळे पॉइंट गार्ड हा जुना शब्द आहे वगैरे मला नका सांगू.

कपाशीवाला
ताई तुमचा अनुभव मान्य, पण अमेन थॉम्पसन आठ सेकंदांत कोर्टाच्या त्या टोकाला जाऊन परत येऊन पाणी पिऊन परत जाईल. कॉलेजच्या मॅचची आणि एनबीएची तुलना कशी करता?

धानवाली
नेणं आणि नेऊन काहीतरी करणं यात फरक आहे दादा. अमेनला बाहेरून शॉट नाही. त्याचा डिफेंडर दहा फूट मागं सरकून पेंटमधे (बास्केटखालच्या चौकोनात) उभा राहतो, म्हणजे सेंगूनला वळायला जागाच उरत नाही. त्यात आपला दुसरा सेंटर अॅडम्स पण आत. व्हॅनव्हलीट बाहेर उभा राहिला की त्याचा माणूस त्याला सोडून हलू शकत नव्हता, एवढं तरी कबूल करा. शॉट पाहिजे तर शेपर्ड आहे, पण तो आला की समोरची टीम सारखी त्याच्याच अंगावर जाते. मॅच परत पाहा, गेरू खाली ठेवून पाहा.

कपाशीवाला
गेरूवर जायचं काम नव्हतं.

पीटी सर (निवृत्त)
सर्वांना नमस्कार आणि भाऊबीजेच्या शुभेच्छा. तुम्ही मंडळी ह्यूस्टनच्या पॉइंट गार्डची चिंता करता, मला आपल्या तालुक्याच्या कोर्टाची चिंता आहे. आज सकाळी गेलो तर दोन्ही बास्केटखाली सोयाबीन वाळत घातलेलं. फ्री थ्रो लाइन दिसत नाही. एका रिंगला दोर बांधून त्यावर ताडपत्री टाकलेली. मी विचारलं तर म्हणे, सर, दोन दिवसांत उचलतो, ओल जास्त आहे म्हणून व्यापारी घेत नाही. दोन दिवस हे गेल्या आठवड्यापासून चालू आहेत. पोरं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना ड्रिबलिंग रस्त्यावर शिकवतो. बॉल वर आणणारा पोरगा घडतो कसा? रोज तासभर दोन्ही हातांनी बॉल आपटून घडतो. पॉइंट गार्ड ट्रेडमधे मिळत नसतो.

तुरीची शेंग
सर ते सोयाबीन माह्या काकाचं हाय. कागदावर 5328 हमीभाव, अन व्यापारी ओल दाखवून किती कापते ते इचारूच नका. सिमेंटचा एवढा मोठा खळा गावात दुसरा नाई. पोरं महिनाभर नाई खेळले तं काई बिघडत नाई.

पीटी सर (निवृत्त)
म्हणजे पॉइंट गार्ड पाहिजे, नाहीतर फायनलचं नाव काढू नका असं लिहिणारे तुम्हीच, आणि कोर्ट अडवणारेही तुमच्याच घरचे. छान.

कपाशीवाला
😂😂😂 सर, तुम्ही एका वाक्यात जिंकलात, मी उगाच रात्रभर टाइप केलं

आर्वीकर
पटाचा मुद्दा अर्धवट राहिला. ताईंनी दुसऱ्याच्या दानीत घुसणाऱ्या जोडीचं सांगितलं, ती जोडी कोणत्या जातीची होती? खिल्लार असणार. आजकाल सगळे पश्चिम महाराष्ट्राकडून खिल्लार आणतात, लाखांत पैसे घालतात, दिसायला उंचपुरा, शिंगं मागं. पण आपल्या मातीत आपला गवळाऊच पाहिजे. आर्वी, कारंजा, आष्टी इथला बैल आहे हा, पळण्यासाठीच नावाजलेला, आणि आता शुद्ध जोडी शोधायला गेलं तर सापडत नाही. बंदीच्या सात-आठ वर्षांत लोकांनी पटाचे बैल विकले, ते काही परत आले नाहीत. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तोवर ज्यांच्या गोठ्यात ओळ टिकली होती ते मोजकेच उरले होते.

झाडीचा राजा
काका गवळाऊ पहिल्या शंभर मीटरपर्यंतच. नंतर खिल्लार खाऊन टाकतो. भाऊबीज झाली, आता मंडया (आमच्याकडच्या जत्रा) सुरू होतील, मग पट, या आमच्याकडं, दाखवतो.

आर्वीकर
तुम्ही तळेगाव दशासरचा पट पाहिलाय का कधी? पाहिला असता तर हे बोलला नसता. बैल पाहून बोलायचं, मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून नाही.

झाडीचा राजा
वय मोठं आहे म्हणून काहीही बोलाल का. माझ्या घरी सध्या दोन जोड्या आहेत. तुमच्या घरी किती आहेत? एकही नाही ना?

आर्वीकर
नाही. 2016 ला विकली. उत्तर मिळालं?

धानवाली
राजा, जरा बेतानं. काका, तुम्ही पण. इथं रॉकेट्सवर बोलणं चालू होतं.

झाडीचा राजा
सॉरी काका. विकायचं दुःख माहीत आहे, आमच्या आजोबांनी पण एक विकली होती. पण खिल्लारच.

कपाशीवाला
आता यात मी काय लिहू, पण एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून मीच काढतो, माझ्याविरुद्ध जाते तरी. 2018. तेव्हाचा आपला पॉइंट गार्ड ख्रिस पॉल. वॉरियर्सविरुद्ध आपण 3-2 नं पुढं, त्याची मांडी गेली, आणि गेम 7 ला सलग 27 थ्री हुकले. मी तेव्हा नुकतीच बारावी दिली होती, लाइव्ह पाहत होतो, सत्तावीस हुकताना एक एक मोजले. तो असता तर? माहीत नाही. पण दोन-तीनदा तरी त्यानं बॉल हातात धरून सगळ्यांना थांबवलं असतं, थ्री सोडा, आत जा म्हणाला असता, एवढं वाटतं.

तुरीची शेंग
हे आता सांगता 🙏 अन मी मिलवॉकी बक्सचं सांगाचं ठेवलं होतं. त्यायचा जानिस दोन वर्स एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू) झाला तरी प्लेऑफमधे घरीच. मंग पॉइंट गार्ड ब्लेडसो देल्ला, ड्रू हॉलिडे आनला, त्याच वर्सी 2021 चा कप. गेम 5 ले बुकरच्या हातातून बॉल हिसकला अन जानिसले लॉब (उंच पास) टाकला, तो कोन होता? पॉइंट गार्डच होता नं.

कपाशीवाला
आणि गेम 6 ला 50 कोणी मारले? जानिसनं. पुन्हा जोडी.

तुरीची शेंग
अन लॉब कोनं टाकला? 😂

कपाशीवाला
ठीक आहे बावा. धुरकरी पाहिजे. पण तो 'पॉइंट गार्ड' लिहिलेल्या डब्यातूनच आला पाहिजे असं नाही, इथपर्यंत मी येतो, यापुढं एक पाऊल नाही. आणि तुम्हाला तो आणायचा कुठून? व्हॅनव्हलीटचा दोन वर्षांचा करार, सॅलरी कॅपनं (पगारावरच्या मर्यादेनं) हात बांधलेले, डुरांटसाठी ग्रीन आणि ब्रूक्स आधीच दिले. कोणाला देता, जबारीला? का शेपर्डला, ड्राफ्टमधला तिसऱ्या नंबरचा पिक?

तुरीची शेंग
शेपर्डले तं अजिबात नाई. त्यालेच धुरकरी करू. दोन महिने पडीन, झडीन, शिकन.

कपाशीवाला
म्हणजे बाहेरून आणायचा नाही? मग काल काय लिहिलं होतं? "चांगला पॉइंट गार्ड आणा."

तुरीची शेंग
काल रागात होतो. दोन ओव्हरटाइम पाहून मानूस काई बी लिवते.

धानवाली
चला, म्हणजे माझी एसटीची गोष्ट फुकट गेली.

पीटी सर (निवृत्त)
फुकट नाही ताई, मी ती पोरांना सांगणार आहे, प्रेस शिकवताना. शेंगभाऊ, काकांना विचारलंत का?

तुरीची शेंग
इचारलं सर. उद्या सकाळी पोतं भरून रायले, सात वाजेपरेंत एका साइडचं कोर्ट रिकामं करून देतो म्हनते. दुसऱ्या साइडचं परवा. झाडून पन देऊ. पोरायले पाठवा.

पीटी सर (निवृत्त)
एक बाजूही पुरे. पण बॉलमधली हवा गेली आहे, पंप कोणाकडे आहे?

कपाशीवाला
पंप माझ्याकडं आहे सर. सुई नाही.