मुंजीचा हॉल, २४ मे, आणि ह्यांची तारीख

सगळ्यांना नमस्कार, हॉलचं डिपॉझिट शुक्रवारपर्यंत भरायचंय आणि ह्यांची इथल्या अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगातून सुटायची तारीख काही नक्की होत नाही म्हणून लिहितेय. कागदावर डिसेंबर आलंय. ह्यांचा हिशोब २० मे, कारण फर्स्ट स्टेप अ‍ॅक्टचे, म्हणजे लवकर सुटायचं क्रेडिट देणाऱ्या कायद्याचे, महिन्याला १५ दिवस मिळतात. नेमकं कोणतं खरं? मुलाला आठवं लागलंय, मुंज परत पुढे ढकलायची नाहीये.
– वहिनी

वहिनी, भाऊजींनी फर्लोचा अर्ज केला का? आमच्या गावातला एकजण येरवड्यात होता, संचित रजेवर १४ दिवस येऊन मुलीचं लग्न लावून गेला. पॅरोल मिळत असेल तर तोही बघा.
– अण्णा

अण्णा, ते तिकडचे नियम. इथे फेडरलमध्ये १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना पॅरोलच नाही. आणि डिपॉझिटची तारीख मी कुणासाठीही हलवलेली नाही, गणपतीतसुद्धा नाही, एवढं लक्षात ठेवा.
– हॉल समिती

ग्रीन कार्डवाल्यांना हे क्रेडिट नाहीच ना? आमच्या ओळखीत असंच झालं होतं.
– दादा

दादा, नुसत्या ग्रीन कार्डानं अडत नाही. देशाबाहेर काढायचा अंतिम हुकूम झाला असेल तर दिवस जमा होतात पण वापरता येत नाहीत. भाऊजी तर सिटिझन आहेत, शपथेच्या दिवशी मीच पेढे वाटले होते.

आता वहिनींचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या वागणुकीचे वर्षाला ५४ दिवस, म्हणजे २४ महिन्यांना १०८, ते डिसेंबरमध्ये आधीच धरलेत. फर्स्ट स्टेपचे त्याच्यावर. पण पहिल्या दिवसापासून १५ नाही! तुरुंगातल्या सुधारणा कार्यक्रमात भाग घेतला की ३० दिवसांना १०, आणि पुन्हा गुन्हा करायची जोखीम कमी असल्याचं लागोपाठ दोन मूल्यांकनांत आलं तरच १५. पहिले सहासात महिने १० नी धरले की माझ्या हिशोबानं जूनचा दुसरा आठवडा येतो. शिवाय शिक्षेत सुपरवाइज्ड रिलीज, म्हणजे सुटल्यावरची देखरेख, लिहिलेली हवी, तरच या दिवसांनी थेट सुटका लवकर होते, तीही जास्तीत जास्त १२ महिने.

आणि त्यांना सांगा, त्या मूल्यांकनाचा सर्वे, म्हणजे प्रश्नावली, पुढे केला की भरायचाच. माझ्या मेहुण्यानं टाळला, त्याला नकार समजून तेवढे महिने एक दिवस जमा झाला नाही. बाकी कोर्टात त्याला १२ महिने आणि एक दिवस मिळाले तेव्हा बहीण रडली, वरचा एक दिवस कशाला म्हणून. वर्षाच्या वर शिक्षा असेल तरच ५४ दिवसांची सूट लागते, त्या एका दिवसानं तो जवळजवळ दोन महिने आधी घरी आला, पण हे आम्हाला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.
– माई

माई, सर्वेचं आजच कळवते, शनिवारी फोन असतो. म्हणजे २४ मे गेलीच का?
– वहिनी

गेली असं नाही. सुटायच्या आधी हाफवे हाउस, म्हणजे तुरुंगाबाहेरचं देखरेखीतलं वसतिगृह, आणि मग घरीच कैद असते, पायाला यंत्र लावून, तुमच्या शिक्षेला ती साधारण ७३ दिवसांपर्यंत. जागा मिळाली तर मेमध्ये ते घरी असतील, पण हॉलवर यायला परवानगी लागेल आणि ती मिळेलच असं धरून २०० पानं मांडू नका. मुंज घरी करा. मातृभोजनाला आणि भिक्षावळीला दिवाणखाना पुरतो, बाप समोर असला म्हणजे झालं.
– माई

घरी करणार असाल तर मंडळाचे पाट आणि समई माझ्या गराजमध्ये आहेत, विचारून न्या.
– अण्णा

पाट मंडळाचे आहेत, नोंद माझ्याकडे करायची.
– हॉल समिती

हॉल सोडते. आठ पाट लिहून घ्या. तुरुंगातल्या केस मॅनेजरला हाफवे हाउसचं पत्र सोमवारी पाठवते, माई, मसुदा एकदा बघाल का?
– वहिनी