बाळासाठी डुलणारी खुर्ची घेऊ का

बी-२०३ : नमस्कार सगळ्यांना. ग्रुपवर विचारू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण आपल्या बिल्डिंगमधे इतकी पोरं लहानाची मोठी झालीत की तुमच्याइतकं खरं कोण सांगणार. हिला सातवा संपत आलाय, तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली. आम्ही ऑनलाईन एक डुलणारी खुर्ची बघून ठेवलीय, नर्सरी ग्लायडर म्हणतात, मऊ गादीची, पाय ठेवायला स्टूल सोबत, २१,५०० रुपये. हिची कंबर आत्ताच दुखते त्यामुळे बाळाला पाजायला बसायचं म्हणून ती मनात भरलीय, पण एवढे पैसे म्हणजे हप्त्यावरच घ्यावी लागेल. कोणी वापरलीय का? घेण्यासारखी आहे का?

सी-४०२ : आम्ही घेतली होती, २०२३ मधे धाकटीच्या वेळी, तेव्हा १८ हजाराला पडली. पैसे पाण्यात गेले असं मी म्हणणार नाही कारण पहिले चार महिने मी रात्रीच्या रात्री तिच्यावर काढल्यात आणि पाठीला खरंच आराम होता. पण आपल्या हवेत ती टिकत नाही हे आधीच सांगते. दुसऱ्या पावसाळ्यात गादीच्या मागे काळे ठिपके आले, कव्हर निघत नव्हतं, आतला फोम दमट झालेला आणि जुलैत रत्नागिरीत ऊन कुठून आणायचं वाळवायला. ग्लायडरला खाली कमान नसते ना, सीट दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर टांगलेली असते आणि सांध्यात बेअरिंग असतात, ती खाऱ्या वाऱ्याने धरली आणि कुरकुरायला लागली, इतकी की मांडीवर झोपलेलं बाळ उठायचं. तेल घातलं की आठवडाभर गप्प, परत तेच.

सी-४०२ : आणि मुलगी रांगायला लागल्यावर त्या सांध्यांत बोटं घालायची. घेतलीस तर हलायची थांबवता येते अशी लॉकवालीच घे. आमचीला नव्हता. शेवटी ५ हजाराला दिली.

डी-३०१ : माका इचारशील तर आत्ता घेव नको. बाळ येऊंदे आधी.

ए-१०१ काका : आमच्याकडे गावच्या घरी पडवीत झोपाळा आहे सागवानी फळीचा, पितळी कड्यांचा. आमच्या आईने आम्हा चौघांना त्यावर बसून पाजलं. एका पायाने जमिनीला हळूच रेटा द्यायचा की झालं. आता फ्लॅटमधे स्लॅबला कड्या मारू देत नाहीत ते वेगळं.

सी-४०२ : काका झोपाळ्याला पाठ नसते पण. तीन तीन तास तसं बसवत नाही, मी प्रयत्न केलाय सासरी.

ए-१०१ काका : ते खरं. आई खांबाकडे सरकून बसायची, पाठीला तक्क्या घेऊन.

सेक्रेटरी : उद्या सकाळी १० ते १ वरची टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

ए-२०४ सिस्टर काकू : अरे बाळा एक साधं विचारते. पहिलं बाळंतपण, म्हणजे सूनबाई माहेरी जाणार ना? मग खुर्ची कुठे ठेवणार?

बी-२०३ : हो काकू, हेदवीला. डिलिव्हरी चिपळूणला आणि मग तिच्या आईकडे, दिवाळीनंतर इकडे येईल. हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. खुर्चीची जागा मी आमच्या बेडरूममधे मोजत बसलोय आणि तेव्हा बाळ तिकडे असणार.

ए-२०४ सिस्टर काकू : तेच तर. पाजायचा खरा ताण पहिल्या तीन महिन्यांत असतो. नवं बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा घेतं आणि सुरुवातीला एकेक वेळ अर्धा पाऊण तास जातो, कधी त्याहून जास्त. तो सगळा काळ ती हेदवीला काढणार आणि तुझी एकवीस हजाराची खुर्ची इकडे फ्लॅटमधे रिकामी डुलणार.

सी-४०२ : सिस्टर काकू मान्य आहे पण एक सांगू का, माझ्या अनुभवाने अवघड काळ माहेराहून परत आल्यावरचा असतो. माहेरी आई असते, रात्री ती बाळ घेते, ढेकर काढते, आपल्याला तासभर तरी झोप मिळते. इकडे आल्यावर आपण दोघंच. बाळ चौथ्या महिन्यात असतं, वजन वाढलेलं असतं, रात्री दोनदा तीनदा उठतंच, आणि सहा महिने तर फक्त अंगावरचंच दूध. मला तेव्हाच खुर्चीची किंमत कळली. म्हणून नकोच असं एकदम नका म्हणू.

बी-२०३ : वहिनी तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. माझी आई नाही हे सगळ्यांना माहितेय. ती असती तर मी खुर्चीचा विचारसुद्धा केला नसता. हिला इथे आणल्यावर रात्री बाळ घ्यायला मी एकटाच आहे आणि मला काही येत नाही. निदान एक चांगली जागा तरी असावी जिथे बसून ती पाजेल आणि मग मी बाळाला घेऊन बसेन, म्हणून एवढं मनात घेतलंय. खुर्ची हौसेची वाटत असेल पण माझ्यासाठी ती हौस नाहीये.

ए-२०४ सिस्टर काकू : कळलं रे. आणि तू एकटा नाहीस, मी इथेच आहे, रात्री दोनला बेल मारलीस तरी चालेल. आता जरा मोठं लिहिते, सावकाश वाच. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली निम्मी बाळंतिणींच्या वॉर्डात. पाजताना पाठ का दुखते, तर बाई बाळाकडे वाकते म्हणून. वाकायचं नाही, बाळाला उशीवर घेऊन छातीच्या उंचीला आणायचं. पाठ पूर्ण टेकलेली, कोपराला आधार, आणि पाय अधांतरी नकोत, जमिनीला नाहीतर पाटावर टेकलेले हवेत, म्हणजे मांडी थोडी वर येते आणि हातावर भार येत नाही. हे तिन्ही जिच्यात जमतं ती खुर्ची चांगली, मग ती डुलो न डुलो. आणि देव करो नॉर्मल होवो, पण सिझर झालंच तर त्या खोल मऊ गादीतून उठताना टाक्यांवर ताण येतो, बायका रडतात अक्षरशः. तेव्हा घट्ट बैठकीची, दोन्ही हात दाबून उठता येईल अशी खुर्ची लागते, आणि पहिले काही दिवस तर कुशीवर आडवं होऊन पाजणं सगळ्यात सोपं. दुकानातल्या खुर्च्यांत माणूस जितका आत बुडतो तितकी ती आरामाची वाटते, बाळंतिणीला ते उलटं पडतं.

ए-२०४ सिस्टर काकू : आणि आता जे सांगते ते तुम्ही दोघांनीही लक्षात ठेवा, तू जास्त. मऊ खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन झोप लागणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट. बाळ हात आणि कुशन यांच्यामधे सरकतं, नाक दबतं आणि आपल्याला कळतही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मधे जे नियम काढले त्यात स्पष्ट लिहिलंय की पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर खुर्ची किंवा सोफ्यापेक्षा पलंग कमी धोक्याचा, तोही उशा पांघरुणं बाजूला काढून, आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी उताणं ठेवायचं. खुर्ची जितकी मऊ आणि डुलणारी तितकी झोप लवकर लागणार, आईलाही आणि रात्री तीनला बाळ धरून बसलेल्या बापालाही. माझ्या मनात खुर्चीबद्दल जी काळजी आहे ती पैशांची नाही, ही आहे.

बी-२०३ : काकू हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ऑनलाईन फोटोत तर बाई बाळाला घेऊन डोळे मिटूनच बसलेली दाखवलीय.

ई-१०३ : मी फार्मसीत असते म्हणून थोडं भर घालते. बाळ शांत व्हायला डुलणारी खुर्चीच पाहिजे असं नाही. जपानच्या रिकेन संस्थेने २०२२ मधे २१ बाळांवर बघितलं होतं, रडणाऱ्या बाळाला उराशी घेऊन पाच मिनिटं सलग चाललं की रडणं थांबत होतं आणि बरीच बाळं झोपत होती, नुसतं धरून एका जागी बसल्यावर तसं होत नव्हतं. आणि झोपल्यावर लगेच खाली ठेवलं की काही जागी व्हायची, म्हणून आधी ५ ते ८ मिनिटं धरून बसायचं आणि मग ठेवायचं. माझ्या मुलाला मी असंच हॉल ते किचन फिरवायचे. म्हणजे हलवणं तुझ्या पायांनी होईल आणि बसायला साधी खुर्ची पुरेल.

बी-२०३ : पाच मिनिटं चालायचं आणि मग बसायचं. हे मला जमेल असं वाटतंय.

डी-३०१ : आमच्याकडे आजोबा ओटीवर असेच येरझारा घालायचे नातवंडांना घेऊन.

सी-४०२ : मी पण माझं म्हणणं थोडं बदलते. मला आराम मिळाला तो डुलण्याचा होता की पाठीच्या आधाराचा हे आता विचार केला तर आधाराचाच होता. रात्री मी तिला लॉक नाही म्हणून खाली पाट सरकवून थांबवायचे, पाजताना हललं की बाळाची पकड सुटायची.

ए-१०१ काका : मग माझ्याकडची खुर्ची बघून घे. वडिलांची आहे, सागवानी, पाठ आणि बैठक वेताने विणलेली, हात रुंद. वेतातून वारा खेळतो, घाम येत नाही आणि बुरशी धरायला फोम नाही. दोन वर्षांपूर्वी वेत नवीन विणून घेतलाय. वडील गेल्यापासून गॅलरीत नुसती आहे, रोज पुसतो एवढंच. त्यात बाळ बसलेलं मला आवडेल.

ए-२०४ सिस्टर काकू : हे उत्तम. फक्त माप बघ. सूनबाईला साध्या स्टुलावर पाय जमिनीला टेकवून बसव आणि गुडघ्याच्या मागच्या खळीपासून जमिनीपर्यंत मोज, साधारण तेवढीच खुर्चीची बैठक हवी. जास्त असेल तर पाट. पाठ मागे टेकवल्यावर गुडघ्यामागे तीन चार बोटं जागा राहिली पाहिजे, नाही राहिली तर कमरेमागे लहान उशी.

बी-२०३ : आत्ताच काकांकडे जाऊन आलो. हिचं माप १६ इंच, बैठक साडेसतरा आहे, म्हणजे दीड इंचाचा पाट लागेल, तो घरात आहे आईचा. हिने दहा मिनिटं बसून बघितलं, मांडीवर उशी घेऊन. उठताना हातांवर भार देऊन सहज उठली. ग्लायडर कार्टमधून काढून टाकला.

बी-२०३ : काका तुमच्या वडिलांची खुर्ची आहे, मी जपेन. हप्त्याचे पैसे वाचले त्यातून एक चांगली घट्ट गादी घेतो बाळाला.

सी-४०२ : माझ्याकडची पाजायची उशी पण घेऊन जा, धुवून ठेवलीय. इंग्रजी सी सारखी वळलेली, कमरेभोवती बसते. ती खरी कामाची.

ई-१०३ : आणि झबली दुपटी विकत नको घेऊस, माझ्याकडे पिशवीभर आहेत.

ए-२०४ सिस्टर काकू : पण खुर्ची दिवाळीनंतर नको रे, आत्ताच हेदवीला पोचव. तिथे लागणार आहे आधी. मग येताना बाळासोबत इकडे आण.

बी-२०३ : हो काकू तेच ठरवलं. रविवारी तिला सोडायला जातोच आहे, जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून. तिला गाडीत पुढे नीट बसवून खुर्ची मागे जाईल का बघतो, नाहीतर टपावर बांधावी लागेल आणि पाऊस तर सुरू झालाय. कोणाकडे मोठी ताडपत्री आहे का?

डी-३०१ : पार्किंगमधे माझ्या स्कूटरमागे निळी आसा. घेवन जा. दोरी पण देतंय.

ए-१०१ काका : बांधताना हातांना दोरी लावू नकोस, पॉलिश जाईल. मी येतो खाली रविवारी, मी बांधून देतो.